मेंदूच्या गाठीतला 'दाह' म्हणजे काय? आणि सांगलीची हळद तो थांबवू शकते का?

सांगली जिल्ह्याच्या वाळवा तालुक्यातलं आष्टा हे ऊस आणि हळदीच्या पट्ट्यातलं गाव. सांगलीची बाजारपेठ हळदीसाठी देशभर ओळखली जाते आणि 2018 मध्ये सांगलीच्या हळदीला भौगोलिक मानांकनही मिळालं. अशा भागात कुणाला ब्रेन ट्यूमर झाल्याचं कळलं, की "हळद दाह कमी करते, ती सुरू करा" असा सल्ला मिळणं नवल नाही. हा सल्ला हवेतून आलेला नाही, पण तो अर्धाच खरा आहे. तो कुठे चुकतो हे समजण्यासाठी आधी दाह म्हणजे काय ते पाहू.

दाह म्हणजे नेमकं काय?

बोट कापलं की तिथे लाली येते, सूज येते. रोगप्रतिकारक पेशी रासायनिक संदेश पाठवून मदत बोलावतात. जखम भरली की हे संदेश थांबतात. कर्करोगाच्या गाठीत मात्र ते थांबत नाहीत. म्हणूनच गाठीला 'कधीच न भरणारी जखम' असं म्हटलं जातं.

मेंदूत काय घडतं?

मेंदूत मायक्रोग्लिया नावाच्या पहारेकरी पेशी असतात. ग्लिओब्लास्टोमा या सर्वांत आक्रमक गाठीत त्या आणि रक्तातून आलेल्या मॅक्रोफेज पेशी मोठ्या संख्येने शिरतात. काही गाठींमध्ये एकूण पेशींपैकी तिसरा हिस्सा किंवा त्याहूनही जास्त याच पेशी असतात.

गाठ या पेशींना आपल्या बाजूला वळवते. त्या आयएल-6 सारखे संदेश सोडतात. त्यामुळे गाठीच्या पेशींमधली एनएफ-कप्पा-बी आणि स्टॅट-3 ही 'बटणं' चालू राहतात. पेशी वाढतात, मरायचं टाळतात, नव्या रक्तवाहिन्या तयार होतात. दुसरीकडे, कर्करोगाशी लढणाऱ्या टी-पेशी थोपवल्या जातात. म्हणजे दाह भरपूर, पण लढाई नाही.

महाराष्ट्रात काय संशोधन झालं?

नवी मुंबईत खारघरला टाटा मेमोरियल सेंटरची 'ॲक्ट्रेक' ही संशोधन संस्था आहे. तिथल्या शास्त्रज्ञांनी 2015 मध्ये एक महत्त्वाचं निरीक्षण मांडलं. रेडिएशननंतर ग्लिओब्लास्टोमाच्या बहुतेक पेशी मरतात, पण काही उरतात. या उरलेल्या पेशी एकमेकींत मिसळून अनेक केंद्रकांच्या मोठ्या पेशी बनतात आणि काही काळ वाढ थांबवतात. त्या काळात त्या दाहाचे संदेश सोडतात. त्यांच्यात एनएफ-कप्पा-बी सक्रिय झालेलं दिसतं. नंतर त्यांच्यापासूनच गाठ पुन्हा उभी राहते.

उपचारानंतर गाठ परत का येते, याचं एक उत्तर इथे मिळतं. शस्त्रक्रिया, रेडिएशन आणि टेमोझोलोमाइड ही आजची प्रमाणित उपचारपद्धती 2005 च्या ज्या चाचणीतून रूढ झाली, तिच्यातही रुग्णांचं मध्यम आयुर्मान 12.1 वरून 14.6 महिन्यांपर्यंतच गेलं होतं.

मग हळद का नाही?

हळदीतलं करक्युमिन एनएफ-कप्पा-बीला रोखतं, हे प्रयोगशाळेत 1995 मध्येच दिसलं होतं. अडचण पुढची आहे. हळदीत करक्युमिन साधारण 3 टक्केच असतं. पोटातून ते फार कमी शोषलं जातं आणि यकृत त्याचं लगेच रूपांतर करतं. जे थोडं रक्तात उरतं, त्याला मेंदूभोवतीची रक्त-मेंदू सीमा ओलांडावी लागते. काचेच्या बशीतल्या पेशींवर जेवढी मात्रा वापरतात, तेवढी मेंदूतल्या गाठीपर्यंत पोहोचत नाही. हळदीमुळे ग्लिओब्लास्टोमाचे रुग्ण जास्त जगतात, असं कोणत्याही मोठ्या चाचणीत सिद्ध झालेलं नाही.

भाजी-आमटीतली हळद चालते. जास्त मात्रेच्या कॅप्सूलचं तसं नाही. त्यांचा रक्त गोठण्यावर आणि यकृतावर परिणाम होऊ शकतो. म्हणून शस्त्रक्रिया किंवा केमोथेरपी सुरू असताना त्या घेत असाल, तर डॉक्टरांना सांगायलाच हवं.

दाह कमी करणारं औषध देतातच ना?

हो, डेक्सामेथासोन. ते गाठीभोवतीची सूज उतरवतं, त्यामुळे डोकेदुखी आणि अशक्तपणा कमी होतो. पण ते लढणाऱ्या पेशींनाही दाबतं, म्हणून डॉक्टर शक्य तितकी कमी मात्रा ठेवतात. हे औषध स्वतःहून अचानक बंद करणं धोक्याचं आहे.

इम्युनोथेरपीचं काय? पुन्हा उद्भवलेल्या ग्लिओब्लास्टोमावर निवोलुमॅब हे औषध वापरून पाहिलं गेलं. 2020 मध्ये प्रसिद्ध झालेल्या निकालानुसार, आधीपासून वापरात असलेल्या बेव्हॅसिझुमॅबपेक्षा त्याने रुग्णांचं आयुष्य वाढलं नाही. टी-पेशींचा ब्रेक काढला, तरी गाठीतल्या मायक्रोग्लिया आणि मॅक्रोफेज त्यांना अडवतात, हे यामागचं एक कारण मानलं जातं. त्यामुळे या पेशींना पुन्हा शरीराच्या बाजूने कसं वळवायचं, यावर आता संशोधन सुरू आहे.

तोपर्यंत रुग्णाच्या घरच्यांनी लक्षात ठेवण्याची गोष्ट एकच: कुणी काहीही सुचवलं, तरी सुरू असलेला उपचार थांबवू नका आणि कॅप्सूल, काढा, चूर्ण यांतलं जे काही घेत असाल ते डॉक्टरांपासून लपवू नका.