'रणांगण' आणि रहस्यकथेची उलटी वाट

महायुद्धाच्या उंबरठ्यावर घडणाऱ्या ऐतिहासिक रहस्यकादंबरीपुढचा मूलभूत प्रश्न रचनेचा असतो. १९३९ च्या सप्टेंबरात काय घडले हे वाचकाला ठाऊक असते, पात्रांना नसते. या विषम ज्ञानाचे लेखक काय करतो, यावर तिचे मूल्य ठरते. मराठीपुरता हा प्रश्न तपासायचा तर विश्राम बेडेकरांच्या 'रणांगण' (१९३९) कडे वळावे लागते. ती रहस्यकादंबरी नाही. तिने स्वतःचा वर्तमानकाळच चितारला असल्याने रूढ अर्थाने ती ऐतिहासिकही नाही. नेमके म्हणूनच ती या प्रकारची मर्यादा दाखवून देते.

तोदोरोव्हने १९६६ मध्ये रहस्यकथेत दोन कथा दाखविल्या: एक गुन्ह्याची, दुसरी शोधाची. पहिली संपलेली असते आणि दुसरी तिच्याकडे मागे वळत जाते. बाबूराव अर्नाळकरांनी चाळीसच्या दशकापासून हजाराहून अधिक रहस्यकथा लिहून मराठी वाचकाला याच वाटेची सवय लावली. शेवटी गुन्हेगाराला नाव मिळते आणि विस्कटलेले जग पुन्हा सावरते.

'रणांगण'मध्ये ही वाट उलटते. युरोपातून मुंबईकडे निघालेल्या बोटीवर चक्रधर विध्वंस आणि हॅर्टा ही जर्मन ज्यू तरुणी भेटतात. तो मुंबईत उतरतो, तिला पुढे पूर्वेकडे जाणे भाग आहे. मृत्यू येथे शेवटी येतो, आणि किनाऱ्यावरच्या निवेदकापर्यंत तिच्या आत्महत्येची केवळ वार्ता पोचते. शोध घेणारा कोणी उरत नाही. निवेदकच साक्षीदार आहे आणि अंशतः आरोपीही.

गुन्हा मात्र अज्ञात नाही. १९३५ च्या न्यूरेम्बर्ग कायद्यांनी जर्मन ज्यूंचे नागरिकत्व हिरावले. जुलै १९३८ च्या एव्हियाँ परिषदेत ३२ राष्ट्रांनी सहानुभूती दाखविली, पण बहुतेकांनी दारे उघडली नाहीत. ऑक्टोबर १९३८ पासून त्यांच्या पारपत्रांवर तांबडे 'जे' हे अक्षर उमटू लागले. व्हिसाशिवाय पोचता येईल असे शांघाय अनेकांचा शेवटचा आसरा ठरले. अशा व्यवस्थेत एका खुन्याकडे बोट दाखविणारा शेवट खोटा ठरला असता. दोष दप्तरे, सीमा आणि एका माणसाचे कचरणे यांत वाटला गेला आहे.

याला एक स्थानिक संदर्भही आहे. बोट ज्या बंदरात थांबते त्याच्या पलीकडच्या किनाऱ्यावर मराठी बोलणारे बेने इस्राएल शतकानुशतके नांदत होते. आजच्या नवी मुंबईला लागून असलेल्या पनवेलमध्ये त्यांचे जुने प्रार्थनामंदिर आहे. ज्यू येथे शेजारी होता, पण बोटीवरचा ज्यू निर्वासित होता. एकाच किनाऱ्याची ही दोन वास्तवे शेजारी ठेवली की 'परकेपणा' ही कागदपत्रांनी घडविलेली गोष्ट असल्याचे ध्यानात येते.

कादंबरी प्रसिद्ध झाली तेव्हा ज्यूंचा महासंहार अजून घडायचा होता. आपल्याला जे ठाऊक आहे ते या संहितेला ठाऊक नाही, आणि ते अज्ञानच तिचे सामर्थ्य आहे. आजचा लेखक ते अज्ञान परत मिळवू शकत नाही, पण पात्रांपुरते ते जपू शकतो. त्याने ते जपले नाही, तर महायुद्ध केवळ नेपथ्य ठरते आणि रहस्य उलगडल्याच्या समाधानात इतिहासाचा आरोपी निसटून जातो.