परदेशांत वेष आणि वर्ण : दोन मराठी उदाहरणें

परदेशीं गेलेल्या मनुष्याची पहिली ओळख त्याच्या वाणीनें पटत नाहीं. ती त्याच्या वेषावरून व वर्णावरून ठरते. पागोटें, गंध, लुगडें, पायांतील जोडा यांचा पाहणारा आपल्या बुद्धीप्रमाणें अर्थ लावतो, आणि त्या अर्थानुसार आतिथ्य किंवा अवहेलना पाहुण्याच्या पदरीं पडते. या गोष्टीचीं दोन उदाहरणें आमच्या इतिहासांतून येथें मांडून त्यांवरून काय निष्पन्न होतें तें पाहण्याचें योजिलें आहे.

पहिलें उदाहरण रघुनाथरावदादांच्या वकिलांचें. इ. स. १७८१ त हणमंतराव नांवाचे ब्राह्मण व मनियार नांवाचे पारशी गृहस्थ दादासाहेबांचें काम घेऊन लंडनास गेले. स्नान, सोवळें व स्वहस्तें पाक या नियमांस त्या शहरांत सोय मिळेना. हणमंतरावांचे फार हाल झाले. तेव्हां पार्लमेंटचे सभासद एडमंड बर्क यांनीं त्यांस बीकन्सफील्ड येथें आपल्या घरीं नेलें व बागेंतील झाडांचें काचगृह मोकळें करून दिलें. तेथें त्यांचें आन्हिक व स्वयंपाक यथाविधि चालूं लागला. पुढें बर्क यांनीं रघुनाथरावांस पत्र लिहिलें. आरंभीं वकिलांस झालेला त्रास आमच्या लोकांच्या अज्ञानामुळें झाला, दुष्टबुद्धीनें नव्हे, असा त्यांतील आशय आहे.

हे वकील परत आल्यावर स्वदेशांत त्यांस पतित मानण्यांत आलें व सुवर्णाच्या योनींतून बाहेर काढून त्यांची शुद्धि केली, अशी कथा विल्फर्ड यांनीं एशियाटिक रिसर्चेसमध्यें दिली आहे. विल्फर्ड यांस त्यांच्या पंडितानें बनावट श्लोक पुरविले होते, हें त्यांनींच पुढें कबूल केलें; म्हणून अन्य पुराव्यावांचून ही कथा आम्ही निश्चित धरीत नाहीं. तथापि समुद्रगमनामुळें घरीं दोष लागे, हें तर सर्वश्रुत आहे.

दुसरें उदाहरण डॉ. आनंदीबाई जोशी यांचें. अमेरिकेस निघण्यापूर्वीं, फेब्रुवारी १८८३ मध्यें, श्रीरामपूर येथील भाषणांत त्यांनीं स्वतःचा अनुभव सांगितला. मुंबईस हातीं पुस्तकें घेऊन, पायांत जोडा व मोजे घालून त्या शाळेस जात, तेव्हां लोक खिडक्यांतून डोकीं बाहेर काढीत, गाड्या थांबवीत व हंसत. खडे मारणाऱ्यांचाही उल्लेख त्या भाषणांत आहे. म्हणजे वेषाच्या पायीं परकेपण त्यांस प्रथम आपल्याच देशांत भोगावें लागलें.

त्याच वर्षीं जूनमध्यें त्या न्यूयॉर्कास उतरल्या. रोझेल गांवीं कार्पेंटरबाईंनीं त्यांस मुलीप्रमाणें वागविलें. पुढें फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय विद्यालयांत त्या शिकल्या व ११ मार्च १८८६ रोजीं पदवीधर झाल्या. स्वदेशी वेष सोडावयाचा नाहीं हा त्यांचा निश्चय होता. थंडीसाठीं लुगडें गुजराती धर्तीनें नेसण्यापुरतीच त्यांनीं सवलत घेतली. १८८५ मधील एका प्रसिद्ध छायाचित्रांत त्या, एक जपानी व एक सीरियन विद्यार्थिनी आपापल्या देशाच्या वेषांत बसलेल्या आहेत. मुंबईस जोड्यानें जी हेटाळणी ओढविली, तिच्या जागीं तेथें लुगड्यानें कौतुक मिळविलें.

परंतु हें कौतुक पाहुणीचें होतें, हें विसरतां येत नाहीं. आनंदीबाई परत येण्याच्या निश्चयानें गेल्या होत्या. जो तेथेंच राहूं इच्छितो त्याची गोष्ट निराळी. त्यांच्या पदवीच्या प्रबंधाचा विषय आर्य हिंदूंतील प्रसूतिशास्त्र हा होता. याच 'आर्य' शब्दाचा आधार पुढें भगतसिंग थिंद यांनीं घेतला. पहिल्या महायुद्धांत ते अमेरिकेच्या सैन्यांत होते. परंतु १९२३ त तेथील सर्वोच्च न्यायालयानें, 'गोरा' म्हणजे सामान्य मनुष्य ज्यास गोरा म्हणतो तो, असा अर्थ करून त्यांस नागरिकत्व नाकारलें. शब्दशास्त्र हरलें, डोळा जिंकला. हिंदी लोकांस तो अधिकार कायद्यानें १९४६ त मिळाला.

यावरून आम्हांस असें दिसतें कीं, वेषामुळें होणारा त्रास बहुधा अज्ञानाचा असतो व एक बर्क किंवा एक कार्पेंटरबाई तो निवारूं शकते; वर्णामुळें होणारा अन्याय कायद्यांत शिरला म्हणजे मात्र एकट्या सज्जनाचें कांहीं चालत नाहीं.

शेवटीं एक कबुली. आमच्या तुमसरच्या तांदुळाच्या बाजारांत व तालुक्यांतील चिखला, डोंगरी बुजुर्ग येथील मॅंगनीजच्या खाणींत दूरदूरचीं माणसें पोटासाठीं येतात. शिक्षक असतां अशा एका मुलास, त्याचे धुळीनें भरलेले कपडे पाहून, नांव विचारण्यापूर्वींच आम्ही शेवटच्या बांकावर बसविलें होतें. संस्कृताचें उत्तम उच्चारण त्या वर्गांत पुढें त्याचेंच निघालें. लंडनच्या अज्ञानास नांवें ठेवण्यापूर्वीं तो बांक आम्हांस आठवतो.