एका शब्दापायी वेचलेलं आयुष्य

आपल्या मुलांना इथल्या शाळेत इतिहास शिकताना 'जेनोसाईड' हा शब्द भेटतो. आपण त्याला वंशसंहार म्हणतो. १९४४ पूर्वी हा शब्द कुठल्याच कोशात नव्हता. तो घडवणारे राफाएल लेमकिन यांची ही गोष्ट.

१९०० साली, आजच्या बेलारूसमध्ये, एका ज्यू शेतकरी कुटुंबात त्यांचा जन्म झाला. १९२१ साली बर्लिनमध्ये एका आर्मेनियन तरुणाने तलत पाशाला गोळी घातली. आर्मेनियन लोकांच्या कत्तलीचा हा मुख्य सूत्रधार. तरुणावर खटला उभा राहिला. लेमकिन तेव्हा विद्यार्थी होते. त्यांना प्रश्न पडला, एकाला मारणाऱ्यावर खटला, मग लाखोंना मारणाऱ्याला जगात कुठेच जाब का नाही? उत्तर मिळालं, देशाच्या अंतर्गत कारभारात दुसऱ्यांनी पडायचं नसतं.

हे उत्तर त्यांना पटलं नाही. वकील झाल्यावर १९३३ साली माद्रिदच्या परिषदेसाठी त्यांनी नव्या कायद्याचा प्रस्ताव पाठवला. तो मान्य झाला नाही. १९३९ साली पोलंडवर हल्ला झाला, तेव्हा आईवडिलांचा निरोप घेऊन ते निघाले. ती शेवटची भेट ठरली. स्वीडनमध्ये त्यांनी नाझींचे सरकारी हुकूम गोळा केले. कागदोपत्री हुकूम वेगवेगळे, पण सगळे मिळून एक आखीव बेत दिसत होता: समूहच्या समूह संपवण्याचा. १९४१ साली ते अमेरिकेत ड्यूक विद्यापीठात पोचले. १९४४ च्या पुस्तकात त्यांनी त्या बेताला नाव दिलं. ग्रीक 'जेनोस' म्हणजे वंश, त्याला लॅटिनमधून आलेला, मारणे या अर्थाचा 'साईड' जोडला.

युद्ध संपल्यावर कळलं, आईवडिलांसह घरची ४९ माणसं गेली होती.

मग त्यांनी संयुक्त राष्ट्रांच्या प्रतिनिधींची दारं ठोठावली, पत्रांमागून पत्रं लिहिली. ९ डिसेंबर १९४८ रोजी पॅरिसमध्ये वंशसंहारविरोधी करार मंजूर झाला. भारताने तो १९५९ साली स्वीकारला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये लेमकिन न्यूयॉर्कमध्ये गेले, जवळ पैसा नव्हता. अंत्यविधीला बोटांवर मोजण्याइतकी माणसं होती. खुद्द अमेरिकेने करार मान्य केला १९८८ साली.

करार झाला म्हणून कत्तली थांबल्या नाहीत, हेही खरं. पण आज आरोपीला न्यायालयात उभं करता येतं, कारण गुन्ह्याला नाव आहे. तेव्हा मुलांनी हा शब्द विचारला, तर अर्थाबरोबर त्या विद्यार्थ्याचा प्रश्नही जरूर सांगा.