मरवा, ओरेगॅनो आणि निजामशहाचा वैद्य

ओरेगॅनो परका वाटतो ना? पण गजऱ्यातला मरवा त्याचाच भाऊबंद. लिनियसने १७५३ मध्ये दोघांनाही 'ओरिगॅनम' प्रजातीत घातले. कुंडीतला पानओवा मात्र वासाने ओरेगॅनोसारखा (दोघांतही कार्व्हाक्रॉल असते), नावाने ओव्याचा आणि कुळाने तुळशीचा!

नावांचा असा गुंता अहमदनगरच्या, म्हणजे आजच्या अहिल्यानगरच्या, दरबारातही होता. पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ओर्ता बुऱ्हाण निजामशहावर उपचार करी. शहा त्याला औषधांची अरबी नावे शिकवी, तो शहाला लॅटिन. १५६३ मध्ये गोव्यात छापलेल्या त्याच्या ग्रंथात ग्रीक पंडितांच्या शब्दापेक्षा डोळ्यांनी पाहिलेल्याला अधिक मान आहे. १५८० मध्ये, मृत्यूनंतर बारा वर्षांनी, धर्मन्यायालयाने त्याची हाडे उकरून जाळली.

शाळेच्या बागेत मरवा लावा. फुलण्याआधी शेंडे खुडून मुलांना चोळून हुंगायला द्या. नाव नंतर सांगा.