अवधाण ते पहारेकरी ग्रंथी : एका शोधाचा इतिहास

पायात काटा रुतला किंवा टाचेची भेग चिघळली, की एक-दोन दिवसांत जांघेत गाठ येते. आपल्याकडे तिला ‘अवधाण’ म्हणतात. अवधाण आले म्हटले की घरातील जाणती माणसे आधी पायाचा तळवा निरखून पाहात. जखम एका जागी, गाठ दुसऱ्या जागी आणि तरीही दोहोंत नाते, एवढे ज्ञान आपल्या खेड्यापाड्यांतून पूर्वापार नांदत आले आहे. याच नात्याचा माग काढीत त्वचेच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया कशी बदलत गेली, हा प्रस्तुत लेखाचा विषय.

सुवर्णमहोत्सवाच्या आनंदात या रोगाचे नाव काढणे काहींना अप्रशस्त वाटेल. परंतु ज्याच्या नात्यागोत्यात वा शेजारात हा रोग डोकावला नाही, असे कुटुंब आता विरळाच. शिवाय प्रस्तुत लेखक वैद्य नव्हे. सरकारी कचेरीत आयुष्य घालविलेल्या, इतिहासाची आवड असलेल्या माणसाने मांडलेली ही हकीकत आहे.

रक्तवाहिन्यांखेरीज शरीरात आणखी एक जाळे असते. पेशींभोवतीचा निचरा वाहून नेणाऱ्या या सूक्ष्म वाटांना लसिकावाहिन्या आणि त्यांवरील चौक्यांना लसिकाग्रंथी म्हणतात. मान, काख आणि जांघ ही त्यांची मुख्य ठाणी होत. इटलीतील गास्पारे आसेली याने १६२२ मध्ये कुत्र्याच्या आतड्यांलगतच्या दुधाळ वाहिन्या पाहिल्या आणि या जाळ्याचा आधुनिक अभ्यास सुरू झाला. फ्रेंच शरीरशास्त्रज्ञ साप्पे याने मृतदेहांच्या लसिकावाहिन्यांत पारा भरून १८७४ च्या सुमारास त्यांचे विस्तृत नकाशे प्रसिद्ध केले. बेंबीच्या पातळीवरून कंबरेभोवती एक आडवी रेषा कल्पावी. तिच्यावरच्या त्वचेचा निचरा काखेत आणि खालच्या त्वचेचा जांघेत जातो, असा त्याचा सिद्धान्त होता. पुढे जवळजवळ शंभर वर्षे शल्यविशारद या रेषेवर विसंबून राहिले.

कर्करोगाच्या पेशी याच वाटांनी प्रवास करतात, हे एकोणिसाव्या शतकात स्पष्ट होत गेले. मेलॅनोमा हा त्वचेतील रंगपेशींचा कर्करोग विशेष घातक. मूळ गाठीबरोबर जवळच्या ग्रंथीही काढाव्यात, असा आग्रह लंडनच्या हर्बर्ट स्नो याने १८९२ मध्ये धरला. हेतू चांगला होता. किंमत मात्र जबर होती. काखेतील वा जांघेतील सगळ्या ग्रंथी काढल्या की निचरा तुंबतो आणि हात किंवा पाय जन्मभर सुजून राहण्याचा धोका असतो. पुढे असे आढळले की, मध्यम जाडीच्या मेलॅनोमात साधारणपणे पाचांपैकी चौघांच्या ग्रंथींत रोग पोहोचलेलाच नसतो. म्हणजे एकाच्या हितासाठी चौघांना विनाकारण कापावे लागे. न कापावे, तर तो एक कोण हे कळण्यास मार्ग नव्हता. हा पेच दीर्घकाळ सुटला नाही.

या इतिहासाचा एक धागा आपल्या मुंबईतून जातो. परळचे टाटा मेमोरियल रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजी सुरू झाले. तेथील प्रयोगशाळांची धुरा विकृतिशास्त्रज्ञ डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी सांभाळली. राहणी, चालीरीती आणि कर्करोग यांचा संबंध त्यांनी चिकित्सकपणे तपासला. धोतराची गाठ वर्षानुवर्षे एकाच जागी घट्ट कसल्याने कंबरेच्या त्वचेवर होणाऱ्या कर्करोगाचे वर्णन १९४५ मध्ये त्यांच्या निबंधातून जगापुढे आले. ‘धोतराचा कर्करोग’ या नावाने तो वैद्यकीय वाङ्मयात ओळखला जातो. पुढे साडी-परकराच्या नाडीमुळेही तसा रोग होतो असे दिसून आले. येथे एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. कंबर म्हणजे जवळजवळ साप्पेची सीमारेषाच. तेथील रोग काखेकडे जाईल की जांघेकडे, हे नुसत्या नकाशावरून कोण सांगणार?

उत्तर शरीरालाच विचारावे लागणार होते. त्यासाठी लागणारे साधन अणुविज्ञानाने दिले. टेक्नेशियम या मूलद्रव्याचा एक प्रकार मंद गॅमा किरण सोडतो आणि दर ६ तासांनी निम्मा होतो. त्यामुळे तो शरीरात फार काळ रेंगाळत नाही. १९५० नंतरच्या दशकात गॅमा कॅमेरा तयार झाला. किरणोत्सारी द्रव्याचे सूक्ष्म कण गाठीभोवती टोचावयाचे आणि ते कोणत्या ठाण्याकडे जातात हे कॅमेऱ्याने टिपावयाचे, ही रीत १९७० नंतर मेलॅनोमासाठी रूढ होऊ लागली. भारतातही या विद्येची पायाभरणी लवकर झाली होती. तुर्भे येथील ‘अप्सरा’ अणुभट्टी ४ ऑगस्ट १९५६ रोजी कार्यान्वित झाली आणि १९६३ मध्ये परळ येथे अणुऊर्जा खात्याचे रेडिएशन मेडिसिन सेंटर उभे राहिले.

कॅमेऱ्याच्या चित्रांनी साप्पेच्या रेषेला धक्का दिला. पाठीवरील एकाच डागाचा निचरा कोणाच्या डाव्या काखेत, कोणाच्या उजव्या, तर कोणाच्या दोन्ही काखांत जाताना दिसला. प्रत्येक माणसाचा नकाशा निराळा निघाला.

आता उरला प्रश्न नेमक्या ग्रंथीचा. सरकारी कचेरीत आलेला कागद आधी आवक नोंदीच्या टेबलावर येतो आणि मग आत जातो. त्या टेबलावर कागद नसेल, तर तो आतल्या दालनांत असण्याचा संभव फार कमी. लसिकेच्या वाटेवरील अशा पहिल्या ग्रंथीला ‘सेंटिनल नोड’, म्हणजे पहारेकरी ग्रंथी, म्हणतात. रामोन कबानास याने १९७७ मध्ये पुरुषाच्या जननेंद्रियाच्या कर्करोगात ही कल्पना मांडली. पण ती ग्रंथी ठराविक जागीच असते असे त्याने धरले होते. कॅलिफोर्नियातील डोनाल्ड मॉर्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुढचे पाऊल टाकले. डागाभोवती निळा रंग टोचून निळ्या झालेल्या वाहिनीमागोमाग ते पहिल्या ग्रंथीपर्यंत गेले. १९९२ च्या त्यांच्या निबंधात २३७ ठाण्यांपैकी १९४ ठिकाणी पहारेकरी सापडल्याची नोंद आहे. पुढल्याच वर्षी अमेरिकेतील अ‍ॅलेक्स आणि क्रॅग यांनी हातात धरावयाच्या गॅमा शोधकाची जोड दिली. शोधक ग्रंथीजवळ येताच त्याचा आवाज वाढतो आणि लहानशा छेदातून नेमकी ग्रंथी काढता येते. आज त्रिमितीय छायाचित्रण आणि अवरक्त प्रकाशात चमकणारा हिरवा रंग यांचेही साहाय्य मिळते.

ग्रंथी निरोगी निघाली, तर बाकीच्यांना हात लावण्याचे कारण नाही. रोगट निघाली, तर सगळ्या काढाव्यात, असा दंडक पुष्कळ वर्षे होता. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीने तोही सैल केला. पहारेकरी ग्रंथीत रोग सापडलेल्यांच्या उरलेल्या ग्रंथी सरसकट काढल्याने आयुष्य वाढले नाही. सूज मात्र सुमारे २४ टक्के रुग्णांना आली, तर केवळ देखरेखीखाली ठेवलेल्यांपैकी सुमारे ६ टक्क्यांना.

मात्र यावरून ‘कमी कापणे नेहमीच हिताचे’ असा निष्कर्ष काढणे घातक ठरेल. मेलॅनोमा आपल्या लोकांत विरळ आहे. तंबाखूने होणारा तोंडाचा कर्करोग घरोघरी ऐकू येतो. टाटा मेमोरियलच्या डॉ. अनिल डिक्रूझ आणि सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये ५०० रुग्णांचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. मानेत गाठ लागत नसतानाही मानेतील ग्रंथी आरंभीच काढलेल्यांपैकी ८० टक्के रुग्ण तीन वर्षांनी हयात होते. गाठ येण्याची वाट पाहिलेल्यांत हे प्रमाण ६७.५ टक्के भरले. पुढे फ्रान्स व जपानमधील चाचण्यांनी पहारेकरी ग्रंथीचा मध्यम मार्ग तोंडाच्या कर्करोगातही विश्वासार्ह असल्याचे दाखविले. तात्पर्य, रोग बदलला की न्यायही बदलतो; प्रत्येक रोगाला पुरावा निराळा मागावा लागतो.

आपल्या लोकांत मेलॅनोमा होतो तेव्हा तो बहुधा तळपायावर, तळहातावर किंवा नखाखाली दिसतो. म्हणजे पुन्हा तळवा आणि जांघ, पुन्हा तीच अवधाणाची वाट. दुखरे अवधाण बहुधा जखमेचे असते आणि जखमेबरोबर विरते. न दुखणारी, टणक, आठवडे उलटूनही न जिरणारी गाठ मात्र डॉक्टरांना दाखविलीच पाहिजे. तसाच तळव्यावरचा पसरणारा, रंग बदलणारा काळा डाग आणि नखाखालची रुंदावणारी काळी रेघही.

गावाकडून मुरलीपुऱ्यात मुलाकडे राहावयास आलेले वडीलधारे असे दुखणे सहसा बोलून दाखवीत नाहीत. परमुलखात मुलाला खर्चात का घालावे, या संकोचाने ते पाय पदराआड वा धोतराआड लपवितात. चारशे वर्षांच्या या शोधाचे सगळे सामर्थ्य एका अटीवर अवलंबून आहे : रोग पहिल्या चौकीपाशी असतानाच रुग्ण वैद्यापुढे आला पाहिजे. गॅमा कॅमेरा ग्रंथी दाखवील. पण रुग्णाला त्याच्यापर्यंत नेण्याचे काम घरच्यांचेच आहे. तेव्हा आईवडिलांना वाकून नमस्कार करताना त्यांच्या पावलांकडे क्षणभर अधिक निरखून पाहावे, एवढीच या सुवर्णमहोत्सवी वर्षात सर्व मंडळबंधू-भगिनींना नम्र विनंती.