उस्मानाबादची चाचणी, बार्शीची लस

१९११ मध्ये बार्शी लाइट रेल्वेचे रूळ लातूरपर्यंत आले. त्या वेळी लातूर निजामाच्या राज्यात होते आणि बार्शी इंग्रजांच्या मुलखात. सरहद्द नकाशावर राहिली. माणसे बाजाराला, शिक्षणाला आणि दवाखान्याला अरुंद रुळांवरच्या त्या छोट्या गाडीने बार्शीला जाऊ लागली. पुढे निजामाचे राज्य गेले, १९८२ मध्ये उस्मानाबाद जिल्ह्यातून लातूर जिल्हा वेगळा झाला, तरी उपचारासाठी बार्शी गाठण्याची सवय मोडली नाही. कर्करोगाविरुद्धच्या लसीच्या इतिहासातली एक महत्त्वाची घडामोड याच टापूत घडली, आणि मराठवाड्यातल्या फार थोड्या लोकांना ती ठाऊक आहे.

नर्गिस दत्त यांच्या नावाने बार्शीत कर्करोगाचे रुग्णालय उभे राहिले आणि डॉ. भगवान नेने यांनी त्याची धुरा वाहिली. मुंबईतल्या कर्करोग नोंदणीचा अनुभव असलेल्या डॉ. कस्तुरी जयंत यांची साथ या कामाला मिळाली. १९८७ मध्ये बार्शी, परांडा आणि भूम या तालुक्यांतल्या ३४६ गावांसाठी कर्करोगाची नोंदवही सुरू झाली. देशातली ही पहिली ग्रामीण नोंदवही. शहरात नोंद ठेवायची तर रुग्णालयांचे कागद चाळले की बरेचसे काम होते. खेड्यातला रुग्ण मुळात रुग्णालयात पोचतच नसे. म्हणून कार्यकर्त्यांनी गावोगाव फिरायचे, सरपंचांना, शिक्षकांना, घरातल्या बायकांना भेटायचे, कोणती लक्षणे अंगावर काढू नयेत ते सांगायचे आणि संशय आला की त्या माणसाला तपासणीसाठी बार्शीला आणायचे, अशी पद्धत बसवावी लागली.

या फिरण्यातून दोन गोष्टी पुढे आल्या. इथल्या बायकांमध्ये सर्वांत जास्त आढळणारा कर्करोग गर्भपिशवीच्या तोंडाचा होता, आणि तो कळायचा तेव्हा बहुधा फार उशीर झालेला असायचा. पांढरे जाते, अंगावरून रक्त जाते, हे सासूला सांगायची चोरी, मग नवऱ्याला कुठून सांगणार? सुगी संपू दे, लेकीचे लग्न उरकू दे, असे करत महिने जात. पण नुसते समजावून सांगण्याचाही गुण आला. काही वर्षांतच लवकरच्या अवस्थेत येणाऱ्या बायकांचे प्रमाण वाढल्याचे नोंदवहीत दिसू लागले. कोणतेही महागडे यंत्र न आणता झालेले हे काम मला या सगळ्या इतिहासात फार मोलाचे वाटते. पुढचे सगळे प्रयोग यातून मिळालेल्या लोकांच्या विश्वासावर उभे राहिले.

हा कर्करोग ह्युमन पॅपिलोमा विषाणूमुळे, म्हणजे एचपीव्हीमुळे होतो, हे जर्मन शास्त्रज्ञ हाराल्ड त्सुर हाउझेन यांनी दाखवून दिले. १९८३ मध्ये त्यांच्या चमूने या विषाणूचा १६ क्रमांकाचा प्रकार वेगळा काढला, पुढच्या वर्षी १८ क्रमांकाचा. २००८ मध्ये त्यांना नोबेल मिळाले. कारण कळल्यावर पुढचा प्रश्न असा होता : जिथे तज्ज्ञ नाही, सूक्ष्मदर्शक नाही, तिथल्या बाईला वेळीच कसे गाठायचे?

ऑक्टोबर १९९९ मध्ये उस्मानाबाद जिल्ह्यात या प्रश्नाची परीक्षा सुरू झाली. बार्शीचे रुग्णालय, मुंबईचे टाटा मेमोरियल आणि जागतिक आरोग्य संघटनेची फ्रान्समधली कर्करोग संशोधन संस्था यांनी मिळून गावांचे ५२ गट पाडले. ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ निरोगी स्त्रिया त्यांत होत्या. एका भागातल्या गटांत पॅप तपासणी, म्हणजे पेशींची सूक्ष्मदर्शकाखाली पाहणी, झाली. दुसऱ्या भागात गर्भाशयाच्या तोंडाला पातळ अॅसेटिक अॅसिड लावून पांढरे डाग पडतात का ते नुसत्या डोळ्यांनी पाहिले. तिसऱ्या भागात विषाणूचा डीएनए शोधणारी चाचणी केली. चौथ्या भागात तपासणी नव्हती, फक्त माहिती आणि नेहमीची आरोग्यसेवा. डीएनए ही गोष्ट मराठवाड्याच्या खेड्यात आली ती अशी, ब्रशवर घेतलेल्या नमुन्याच्या रूपाने.

२ एप्रिल २००९ रोजी ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये डॉ. आर. शंकरनारायणन आणि सहकाऱ्यांनी निष्कर्ष प्रसिद्ध केले. डीएनए चाचणीच्या गटात ३४,१२६ स्त्रिया होत्या. आठ वर्षांत त्यांतल्या ३४ जणी या कर्करोगाने गेल्या. तपासणी नसलेल्या गटात ३१,४८८ स्त्रिया होत्या आणि मृत्यू ६४. आयुष्यात एकदाच केलेल्या तपासणीने मरण जवळजवळ निम्म्यावर आले होते. पॅप आणि अॅसिडच्या तपासणीने मृत्यूंत असा ठळक फरक पडला नाही. ज्यांची डीएनए चाचणी निर्दोष आली त्यांच्या तुलनेत, पॅप किंवा अॅसिडच्या तपासणीत निर्दोष ठरलेल्या बायकांना पुढे कर्करोग होण्याचे प्रमाण चौपटीहून अधिक निघाले. जगभरच्या तपासणी कार्यक्रमांचा रोख डीएनए चाचणीकडे वळला, त्यात या आकड्यांचा मोठा वाटा आहे.

चौथ्या भागाचा प्रश्न मात्र मिटलेला नाही. पॅप तपासणी उपयोगी असल्याचे आधीच माहीत असताना हजारो बायकांना तपासणीविना ठेवणे योग्य होते का, असा आक्षेप अमेरिकेतल्या आणि भारतातल्या काही डॉक्टरांनी घेतला. त्या काळी तिथे कोणतीच तपासणी होत नव्हती, तेव्हा नेहमीची सेवा म्हणजे तीच, असे संशोधकांचे उत्तर होते. हे उत्तर तर्काला धरून असले, तरी पुरेसे नाही. ज्ञान जगाला मिळाले आणि त्याची किंमत ज्यांनी मोजली त्या ६४ बायका याच जिल्ह्यातल्या होत्या. इतिहास लिहिताना हे दोन्ही एकाच पानावर यायला हवे.

तोवर लसही आली होती. विषाणूच्या बाहेरच्या कवचाचे जनुक यीस्टच्या पेशीत घालायचे, यीस्टकडून तेवढे कवच बनवून घ्यायचे आणि आतून पोकळ असलेले ते कवच टोचायचे. त्यात विषाणूचा डीएनए नसतो, त्यामुळे संसर्ग होत नाही. २००६ मध्ये परदेशात अशी पहिली लस मंजूर झाली. तीन डोस आणि न परवडणारी किंमत. दोन डोसांत भागेल का, हे पाहण्यासाठी सप्टेंबर २००९ मध्ये भारतातल्या नऊ केंद्रांवर १० ते १८ वयाच्या अविवाहित मुलींमध्ये अभ्यास सुरू झाला. २०,००० मुली घेण्याचे ठरले होते. महाराष्ट्रातून मुंबई, पुणे आणि बार्शी ही केंद्रे होती.

एप्रिल २०१० मध्ये सगळे थांबले. तेव्हाच्या आंध्र प्रदेशातल्या खम्मम आणि गुजरातमधल्या वडोदरा जिल्ह्यांत ‘पाथ’ या संस्थेचा एक वेगळाच लसीकरण प्रकल्प चालू होता. त्यातल्या सात मुलींचा मृत्यू झाल्यावर देशभर संताप उसळला. हे मृत्यू लसीमुळे झाल्याचे चौकशीत आढळले नाही. पण मुलींच्या पालकांची संमती कशी घेतली, यावर संसदीय समितीने २०१३ मध्ये कडक ताशेरे ओढले, आणि ते रास्त होते. या गोंधळात सरकारने एचपीव्ही लसीचे सगळेच अभ्यास रोखले. बार्शीचा अभ्यासही थांबला. तोवर नऊ केंद्रांवर १७,७२९ मुलींना लस दिली गेली होती. कुणाचे तीन डोस झाले होते, कुणाचे दोन, आणि पाच हजारांच्या आसपास मुलींचा एकच.

इथे अभ्यास गुंडाळता आला असता. त्याऐवजी संशोधकांनी आणि गावातल्या कार्यकर्त्यांनी या मुलींचा माग सोडला नाही. मुलींची लग्ने झाली, त्या सासरी गेल्या, आडनावे बदलली, गावे बदलली. तरी वर्षानुवर्षे त्यांना शोधून नमुने घेतले गेले. बार्शीच्या नोंदवहीने गावोगाव फिरून जी सवय लावली होती, ती इथे कामी आली असणार. २०२१ मध्ये ‘लॅन्सेट ऑन्कॉलॉजी’त डॉ. पार्थ बसू आणि सहकाऱ्यांनी निष्कर्ष मांडले : १६ आणि १८ प्रकारांच्या टिकून राहणाऱ्या संसर्गापासून तीन डोसांनी ९३.३ टक्के संरक्षण दिले, दोन डोसांनी ९३.१ टक्के, एका डोसाने ९५.४ टक्के. म्हणजे व्यवहारात फरक नाहीच. कोस्टा रिका आणि केनियातल्या अभ्यासांनी याला दुजोरा दिला, आणि डिसेंबर २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने मुलींसाठी एक डोसही चालेल असे जाहीर केले. गरीब देशांत लस तेवढ्याच पैशांत, दोन डोसांच्या तुलनेत, दुप्पट मुलींपर्यंत जाण्याची वाट मोकळी झाली.

डीएनएलाच लस बनवण्याची कल्पनाही याच काळात वाढत होती. १९९० मध्ये अमेरिकेत उंदराच्या स्नायूत नुसता डीएनए टोचल्यावर स्नायूने त्यावरून प्रथिन तयार केले, तिथून ही वाट सुरू झाली. माणसासाठी मंजूर झालेली जगातली पहिली डीएनए लस भारताची : अहमदाबादच्या झायडस कॅडिलाची झायकोव्ह-डी. कोविडविरुद्धच्या या लसीला २० ऑगस्ट २०२१ रोजी आपत्कालीन परवानगी मिळाली. ती सुईविना, दाबाच्या झोताने त्वचेत जाते, आणि सुरुवातीला ज्या सात राज्यांत ती देण्याचे ठरले त्यांत महाराष्ट्रही होता.

कर्करोगाच्या बाबतीत हे काम अजून अवघड आहे. आजची एचपीव्ही लस संसर्ग होण्याआधी उपयोगी. ज्या बाईला संसर्ग झालाच आहे तिला ती बरे करत नाही. अशा बायकांसाठी विषाणूच्या ई६ आणि ई७ या जनुकांवर बेतलेली व्हीजीएक्स-३१०० ही डीएनए लस अमेरिकेत तयार झाली. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत तिने कर्करोगपूर्व जखमा ४९.५ टक्के स्त्रियांमध्ये ओसरवल्या. खोटी लस दिलेल्यांमध्ये हे प्रमाण ३०.६ टक्के होते. पुढच्या टप्प्यात अपेक्षेइतके यश आले नाही. उस्मानाबादच्या चाचणीत ज्यांचा नमुना सदोष निघे, त्यांच्यासाठी आजही उपाय तोच आहे : जखम गोठवणे किंवा कापून काढणे.

पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची ‘सर्वाव्हॅक’ ही देशी एचपीव्ही लस २०२२ मध्ये मंजूर झाली आणि जानेवारी २०२३ मध्ये बाजारात आली. ९ ते १४ वयाच्या मुलींना तिचे दोन डोस आणि त्यापुढे तीन, अशी ती मंजुरी होती. १ फेब्रुवारी २०२४ च्या अंतरिम अर्थसंकल्पात ९ ते १४ वयाच्या मुलींच्या लसीकरणाला प्रोत्साहन देऊ, असे केंद्राने जाहीर केले. नांदेडला १९८८ पासून आणि लातूरला २००२ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. तिथल्या विद्यार्थ्यांना एका डोसाचा पुरावा शिकवताना तो शेजारच्या बार्शीतूनही आला आहे, आणि त्यात कोणाकोणाचा वाटा आहे, हेही शिकवायला हवे.