केकला तेल, नानखटाईला वनस्पती: कमी खर्चात घरचं बेकिंग

ईद जवळ आली की उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूरच्या आपल्या मोहल्ल्यांत नानखटाईचे ट्रे निघतात. कुणी घरच्या ओव्हनमध्ये भाजतं, कुणी पीठ मळून गल्लीतल्या बेकरीच्या भट्टीवर नेतं. काही भगिनी केकच्या छोट्या ऑर्डरही घेतात. मैदा-साखरेचं जमून जातं, हिशेब बिघडतो तो बटरमुळे. म्हणून बटरऐवजी काय वापरायचं आणि किती, ते इथे देत आहोत.

बटरमध्ये साधारण 80 टक्के फॅट असतं, बाकी बहुतेक पाणी. तेल, वनस्पती आणि साजूक तूप जवळपास पूर्ण फॅटच. म्हणून रेसिपीत 100 ग्रॅम बटर असेल तर 80 ग्रॅम तेल पुरतं, वर एक मोठा चमचा दूध. शंभराला शंभर घातलं तर पैसेही जातात आणि केकही तेलकट होतो. रेसिपी खाऱ्या बटरची असेल तर चिमूटभर मीठ घाला.

केकसाठी आमचं मत स्पष्ट आहे: सोयाबीन किंवा सूर्यफुलाचं रिफाइंड तेल घ्या. केक दुसऱ्या दिवशीही मऊ राहतो, फ्रिजमध्ये कडक होत नाही. मात्र बटर साखरेसोबत फेटताना जशी हवा धरतं, तशी तेल धरत नाही. त्यामुळे अंडी नीट फेटा, नाहीतर दही-सोड्यावर भरवसा ठेवा. समोसे तळून उरलेलं तेल केकमध्ये नकोच. आम्ही एकदा काटकसर म्हणून घातलं होतं, व्हॅनिला एसेन्स घालूनही वास लपला नाही!

नानखटाईचं गणित वेगळं. तिला घट्ट फॅटच लागतं, तेलाने ती पसरते. पाव किलो मैद्याला (थोडं बेसन-रवा धरून) 125 ते 150 ग्रॅम वनस्पती पुरते. त्यातले दोन चमचे घरच्या सायीचं तूप घेतलं तर सुगंध येतो आणि खर्चही आटोक्यात राहतो. एप्रिल-मे मधल्या बदलापूरच्या उन्हाळ्यात गोळे अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवूनच भाजा.

आता वनस्पतीची भीती. डालडा 1937 पासून बाजारात आहे, आणि जुन्या पद्धतीच्या वनस्पतीत ट्रान्स फॅट भरपूर असायचं, हे खरंच. ते हृदयाला घातक. पण जानेवारी 2022 पासून तेल-तुपात ट्रान्स फॅट 2 टक्क्यांच्या वर चालत नाही. पाकिटावर आकडा छापलेला असतो, तो वाचा. तरी सॅच्युरेटेड फॅट उरतंच, तेव्हा नानखटाई ईदपुरतीच बरी, रोजच्या चहासोबत नको.

मार्गारिन आणि बेकरी शॉर्टनिंग घेताना अनेक बाजी विचारतात, यात प्राण्यांची चरबी तर नसेल? भारतात विकल्या जाणाऱ्या पाकिटावर हिरवी खूण असेल तर चरबी नाही. खूण नसलेला सुटा माल टाळा. सुटं खाद्यतेल विकायला तर 2011 च्या नियमांनीच मनाई आहे, आणि त्यात काय मिसळलंय ते कळायला मार्ग नाही.

शेवटचं, भाव बघताना पिशवीचा आकार बघू नका. एक लिटर तेल म्हणजे साधारण 910 ग्रॅम, आणि हल्ली 850 किंवा 750 ग्रॅमच्या पिशव्याही त्याच रांगेत ठेवलेल्या असतात. किमतीला ग्रॅमने भागा, शंभराने गुणा, मग दोन पिशव्या शेजारी ठेवा.